म्हातारी नसलेला सिनेमा

इंटरव्हलचे दिवे लागले आणि आईने विचारलं, "म्हातारी कधी येतली रे?"

दादा पॉपकॉर्न आणायला उठला होता. तो थांबला, म्हणाला, "येईल गं, अजून अर्धा सिनेमा आहे," आणि खाली उतरून गेला. मी आईच्या शेजारीच बसून राहिले. आता म्हातारी येत नाही हे मला कळून चुकलं होतं. सुरुवातीला भिंतीवरच्या फोटोत दिसलेली हिरोची आई अशा सिनेमात पुढे चालत येत नसते. पण आईला ते सांगवेना. ती केवळ त्या म्हातारीसाठी गुडघ्यांना पट्टे बांधून बोरिवलीच्या मॉलचे सरकते जिने चढून आली होती.

हा रिमेक होता, मूळ सिनेमा कोरियन. आमच्या घरात त्याला नाव नव्हतंच, आई त्याला "तुझो तो सिनेमा" म्हणायची, दादाला उद्देशून. बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी दादाच्या ऑफिसमधल्या कुणीतरी त्याला पेनड्राइव्हवर दिला होता. आम्ही तिघांनी तो लॅपटॉपवर पाहिला. खाली इंग्रजी अक्षरं यायची, मी आईला जमेल तेवढं मराठीत सांगायचे, आणि अर्ध्या सिनेमानंतर तिनेच मला गप्प केलं. तिला सगळं कळत होतं.

समुद्रकाठचं एक गाव. दोन भाऊ आणि त्यांची आई. धाकट्याला एक बोटवाला मारतो आणि सुटतो. मग थोरला वर्षानुवर्षं वाट बघतो. त्याच बोटवाल्याच्या धक्क्यावर हमाली करतो, त्याचा विश्वास कमावतो, आणि शेवटी त्याला संपवतो. मधल्या सगळ्या वर्षांत म्हातारी काय करते? अंगणात मासे सुकवते. बोलत काहीच नाही. आमची आई मालवणाकडची, तिने पहिल्याच दृश्यात म्हाताऱ्या बाईच्या माशांवर टीका केली होती, नीट चिरलेले नाहीत, पोटाला कुजणार. तिथून ती बाई तिची झाली.

आणि सूड घेऊन झाल्यावर थोरला घरी येतो. सिनेमाचं खरं मरण तिथे आहे. तो हात धुतो, जेवायला बसतो. म्हातारी त्याला भात वाढते, माशातले काटे काढून लहान मुलाला द्यावं तसं त्याच्या भातावर ठेवते. त्याला घास गिळता येत नाही. ती त्याच्याकडे बघत राहते. बराच वेळ. बस, संपतो सिनेमा. त्या दिवशी आई उठली आणि तिने आमची ताटं वाढायला घेतली होती.

दादाने तो सिनेमा नंतर कितीदा पाहिला, देव जाणे. मी आधीच लग्न होऊन मुलुंडला गेले होते, रविवारी यायचे, तर पुष्कळदा लॅपटॉपवर तेच चालू. मात्र तो शेवटपर्यंत बघत नसे. बोटवाला पाण्यात पडला की दादा लॅपटॉप मिटायचा. एकदा मी विचारलं, "अरे, पुढचं?" तर म्हणाला, "पुढे काही नाही. नुसतं जेवण आहे."

आता बाबांचं सांगायला हवं, नाहीतर यातलं काहीच समजणार नाही.

बाबा गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीला एका दुकानात हिशेब बघत. निवृत्तीनंतर त्यांचं काम एकच, सकाळी दूध आणायचं. आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत, मध्ये गाड्या लावायची जागा. त्या सकाळी बी विंगमधले एक काका गाडी मागे घेत होते. कानाला फोन होता. बाबा पिशव्या घेऊन गाडीच्या मागून येत होते. पुढचं मी पाहिलं नाही, दादाने पाहिलं, गॅलरीतून. तो ओरडला, पण गाडीच्या काचा वर होत्या.

काका परके नव्हते. गणपतीत आमच्याकडे आरतीला यायचे, बाबांशी कॅरम खेळायचे. त्यांनीच बाबांना उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. त्यांचा शर्ट रक्ताने भरला होता. पण पोलिसांसमोर त्यांनी फोनचं सांगितलं नाही. म्हणाले, माणूस अचानक आला. फोन पाहणारा दादा सोडून दुसरा एकच, आमचा वॉचमन, आणि तो गावाला गेला तो परतलाच नाही. कोर्टात पुष्कळ तारखा पडल्या, एकट्या मुलाची साक्ष पुरली नाही, आणि काका सुटले. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. चूक कुणाच्याही हातून होईल. पण खोटं बोलायला तर वेळ लागतो, विचार करावा लागतो.

पण कोर्टाच्या आधी दहावा झाला होता, आणि आमच्या घराची गाडी जी अडकली ती तिथे.

खाडीकाठच्या घाटावर गुरुजींनी पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरलो. आमच्यात बायका दहाव्याला जात नाहीत, पण आईने ऐकलं नाही. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती, मी तिच्या मागे उभी. कावळे होते. पत्र्यावर ओळीने बसले होते, बघत होते, पण एकही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. ज्याला वाटेल मृताचा जीव कशात अडकलाय, त्याने पुढे होऊन हात जोडून सांगायचं. आमच्या मामांनी सांगितलं, गावचं घर विकणार नाही. चुलत्यांनी सांगितलं, वहिनीची काळजी आम्ही घेऊ. मी सांगितलं, मी दर रविवारी येईन. एक दूरचे नातेवाईक तर बाबांच्या नावाने तंबाखू सोडायला तयार झाले. कावळ्यांना यातलं काही पटत नव्हतं. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला, म्हणजे आता गवताचा कावळा करून विषय मिटवायचा.

तेव्हा दादा पुढे गेला. मुंडन केलेलं डोकं, अंगाला ओला पंचा. तो मोठ्याने म्हणाला, "बाबा, मी त्याला सोडणार नाही."

आणि एक कावळा खाली आला. नीट चालत आला, पिंडाला चोच लावली. माझ्या अंगावर काटा आला होता, कबूल करते. मामांनी दादाच्या पाठीवर थोपटलं. सगळ्यांच्या मनात एकच होतं, बाबांना हेच हवं होतं.

बाबांना. ज्यांनी उभ्या आयुष्यात झुरळसुद्धा मारलं नाही, कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडलं.

सूड म्हटलं की लोकांना सुरे-पिस्तुलं आठवतात. आमच्या उपनगरात सूड सोसायटीच्या लेटरहेडवर घेतला जातो. केसचा निकाल लागला त्या वर्षी दादा सेक्रेटरी झाला. त्या कामाला कुणीच तयार नसतं, त्यामुळे तो दर वेळी बिनविरोध निवडून येत राहिला. मग काकांच्या खिडकीच्या ग्रिलला परवानगी नाही. त्यांच्या बाथरूमची गळती कमिटीच्या यादीत कायम तळाला. त्यांच्या पाहुण्याची गाडी दहा मिनिटं उभी राहिली तर नोटीस. सगळं नियमात बसवून. दादा अंधेरीला एका कंत्राटदाराकडे इमारतींचे नकाशे काढतो. एखाद्या ओळीत काय अडकवता येतं, हे त्याला नेमकं ठाऊक. लग्नाचं वय त्याच्या हातून कोर्टाच्या तारखांत गेलं आणि उरलेली संध्याकाळ कमिटीच्या फायलीत जात राहिली. जेवायला बसला की चार घासांत उठायचा. आई भाताचं पातेलं हातात घेऊन उभी असायची आणि तो हात धूत असायचा. माझ्या भावाने बाबा गेल्यापासून दुसऱ्यांदा भात घेतलेला मी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायू झाला. ते तळमजल्यावर राहतात, पण बी विंगच्या दाराशी चार पायऱ्या आहेत. व्हीलचेअर तिथून उतरत नाही. त्यांच्या मुलाने सोसायटीकडे अर्ज दिला की पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार बांधू द्या, खर्च आमचा. दादाने तो पुढच्या मीटिंगवर टाकला. मग त्याच्या पुढच्या. मोकळी जागा कमी होते, म्हणाला. मी त्याला तोंडावर विचारलं, "दादा, लाज नाही वाटत तुला?" तर म्हणाला, "त्याला वाटली होती?"

काका दिवसभर खिडकीत बसलेले दिसायचे. आमच्या गॅलरीसमोरच ती खिडकी. आई कपडे वाळत घालताना तिकडे बघायची नाही, पण कपडे वाळत घालायला तिला फार वेळ लागायला लागला होता.

अशात दादाच्या सिनेमाचा अमेरिकन रिमेक आला. दादा कित्येक दिवसांनी खुशीत होता. फोनवर म्हणाला, "झकास असणार बघ. त्यांच्याकडे पैसा आहे, टेक्निक आहे." आईला कळावं म्हणून त्याने हिंदी डबिंगची तिकिटं काढली, आणि मी रविवार म्हणून होतेच.

सिनेमाची पार वाट लावली होती. समुद्रकाठचं गाव गेलं, त्या जागी निऑन दिव्यांचं बंदर आलं. बोटवाल्याचा माफिया झाला, त्याला हेलिकॉप्टर मिळालं. मूळ सिनेमात थोरला वर्षानुवर्षं वाट बघतो तेव्हा त्याचे केस पांढरे होतात, पाठ वाकते. इथे हिरोने एका गाण्याच्या अवधीत दंड कमावले. त्यात एक अमेरिकन पोलीस डबिंगमध्ये "क्या रे" म्हणून बोलायचा, तेव्हा मागची पोरं खिदळत होती. मी दादाकडे बघितलं. तो हसत नव्हता. पॉपकॉर्नचा डबा मांडीवर तसाच होता.

शेवटी माफिया पाण्यात पडला. मोठा स्फोट झाला. हिरो पाठ फिरवून चालू लागला, समोर सूर्य उगवला, एक कुत्रा धावत त्याच्याकडे आला. आणि थिएटरातले दिवे लागले.

बरोबर तिथेच, जिथे दादा लॅपटॉप मिटायचा.

लोक उठून चालू लागले. दादा बसूनच. पडद्यावर नावं वर सरकत होती, तो ती वाचत असल्यासारखा बघत होता. "संपला?" त्याने मला विचारलं. इतका साधा प्रश्न, पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मला त्याचा हात धरावासा वाटला. वर्षानुवर्षं तो स्वतःच हा रिमेक बनवत आला होता, घरात बसून. आता कुणीतरी तो मोठ्या पडद्यावर दाखवला आणि त्यात काहीच नव्हतं.

खाली फूड कोर्टात आम्ही कॉफी घेतली. आई रागावली होती. सिनेमावर इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"तिका काढून टाकल्यानी?" ती म्हणाली. "अख्ख्या सिनेमात त्येची आवस नाय?"

"फोटोत होती ना," दादा म्हणाला.

"फोटोत." आईने कॉफीचा कप बाजूला सारला. "आनी घराक येवन तो जेवलो खंय?"

"जेवला नाही. कुत्रा मिळाला त्याला," मी म्हटलं. माझा विनोद कुणाला लागला नाही.

मग आई दादाकडे वळली आणि अगदी हळू बोलायला लागली. आजूबाजूला पोरं केक कापत होती, मोठमोठ्याने गात होती, त्यामुळे आम्हाला वाकून ऐकावं लागत होतं.

"दहाव्याक तू म्हटलंस, त्येका सोडूचंय नाय. म्हटलंस ना? मी पण सांगलंय तेवा. मनातल्या मनात."

दादाने मान वर केली.

"मी त्येंका सांगलंय, तुमी जावा. माझ्या झिलाक मी त्या मानसाच्या पाठी लागाक देवचंय नाय. ह्येका मी सांभाळतंय. आनी तेवाच कावळो इलो." तिने थांबून श्वास घेतला. "तुझ्या बोलण्यार इलो काय माझ्या, ता त्या कावळ्याक ठावक."

मी तिच्या मागेच उभी होते त्या दिवशी. तिच्या खुर्चीच्या पाठीवर माझे हात होते. मला तिचे ओठ दिसणं शक्य नव्हतं.

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?" दादाने विचारलं.

"त्या बोलण्यार तू उभो रवलंस. माझ्यान ता काढून घेवक जमला नाय. वाटला, कोर्ट संपला की तू पन सोडतलंस." मग तिने दादाच्या मनगटावर हात ठेवला. "मी त्येंका कबूल केलंय आनी पाळूक नाय. उद्या माझ्या पिंडाक कावळो शिवचो नाय. तेवा तू माका काय सांगतलंस?"

केकवाली पोरं टाळ्या वाजवत होती. दादाने आईचा थंड झालेला कप उचलला आणि तिच्यासाठी दुसरी कॉफी आणायला गेला. काउंटरवर आपली पाळी येऊन गेली तरी तो उभाच होता, मागच्या माणसाने त्याला बाजूला केलं.

कावळ्याला भूक लागली असेल, एवढंच खरं असेल, हे मला समजतं. मी शिकलेली बाई आहे. पण आमच्या घरात एका कावळ्याचा अर्थ एकाच माणसाने लावला आणि आम्ही सगळे त्याखाली राहिलो, आणि खुर्चीवर बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही की तू काय सांगितलंस. त्या दिवशी मला अमेरिकेवाल्यांचा जेवढा राग आला, तेवढाच आमचाही आला.

पुढचा रविवार. मी मुलुंडहून पोचले तेव्हा दादा घरात नव्हता. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले.

दादा बी विंगच्या पायऱ्यांशी उकिडवा बसला होता, हातात मोजपट्टी. काकांचा मुलगा पट्टीचं दुसरं टोक धरून होता. दोन हातांवर ती खिडकी, आणि खिडकीत काका. त्यांनी आपला चालता हात थोडा उचलला. नमस्कार होता की थांब म्हणायचं होतं, कळलं नाही. दादाने वर पाहिलं नाही. त्याने तीच जागा पुन्हा मोजली. मग त्याने त्या मुलाला काहीतरी समजावलं, हाताने उतार दाखवून, बराच लांबवर. मला ऐकू आलं नाही, पण नंतर जेवताना त्याने सांगितलं. चढ फार उभा काढत होते, पावसाळ्यात चाक घसरलं असतं. म्हणून पार्किंगची एक जागा घेऊन तो लांबवला. ती जागा बाबा जिथे पडले तिथली होती, हे त्याने सांगितलं नाही. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"माफ नाही केलेलं मी," तो म्हणाला. "फक्त उतार दिलाय."

"बरा," आई म्हणाली.

तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. दादा जेवत होता, आई समोर पाटावर बसून बघत होती, आणि माझा घास हातातच राहिला होता, कारण मी हे दृश्य आधी पाहिलेलं होतं. त्याच्या ताटातला भात संपत आला. आता तो उठणार, म्हणून आईने सवयीने पातेल्यावर झाकण ठेवलं.

दादाने ताट पुढे सरकवलं. "आई," तो म्हणाला, "अजून थोडा भात वाढ."